विद्यापीठाचा संघ कोणाचा?

७ नोव्हेंबर २०२४ रोजी अमेरिकेतल्या एनसीएए या विद्यापीठीय क्रीडा संस्थेनं एक जुना नियम मोडीत काढला. कॅनडात ज्युनियर आइस हॉकीच्या तीन मोठ्या लीग आहेत: ओंटारियोची, क्वेबेकची आणि पश्चिमेकडची. या लीगमध्ये खेळलेल्या मुलांना अमेरिकन विद्यापीठांकडून खेळता येत नसे. मुलांना थोडाफार भत्ता मिळतो, काहींचे एनएचएलच्या, म्हणजे उत्तर अमेरिकेतल्या सर्वोच्च व्यावसायिक लीगच्या, क्लबांशी करारही झालेले असतात, एवढ्यावरून अमेरिका त्यांना व्यावसायिक ठरवत होती. १ ऑगस्ट २०२५ पासून ते दार उघडलं. तेव्हापासून कॅनडातल्या विद्यापीठीय हॉकीचं आता काही खरं नाही, असं मी जागोजागी ऐकतो आहे. चांगली मुलं दक्षिणेला जाणार, उरलीसुरली आपल्याकडे येणार, प्रेक्षक पाठ फिरवणार आणि एकेक संघ बंद पडत जाणार, असा सगळ्यांचा सूर आहे.

संघ बंद पडण्याची भीती मलाही आहे, पण ती अमेरिकेची नाही. गेल्या वीस वर्षांत इथे जे संघ गेले, त्यांतला एकही कुणी खेळाडू पळवले म्हणून गेला नाही. ते त्या त्या विद्यापीठाच्या प्रशासनानं बंद केले आणि तेही एनसीएएचा नियम बदलण्याच्या कितीतरी आधी. म्हणून वॉशिंग्टनकडे किंवा एनसीएएचं मुख्यालय असलेल्या इंडियानापोलिसकडे बोट दाखवण्याआधी आपल्याच विद्यापीठांच्या बैठकांत काय ठरतं ते बघायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

मी फ्रेडरिक्टनला राहतो. न्यू ब्रन्सविक प्रांताची ही राजधानी, २०२१ च्या जनगणनेनुसार वस्ती ६३ हजार. इथलं न्यू ब्रन्सविक विद्यापीठ, म्हणजे यूएनबी, १७८५ सालचं. मी शिकायला आलो, पुढे नोकरी लागली, इथलाच झालो. पहिल्याच हिवाळ्यात खोलीवरच्या मुलांनी एटकिन सेंटर या विद्यापीठाच्या हॉकी स्टेडियमला ओढत नेलं आणि तेव्हापासून यूएनबीच्या संघाचा मी जो झालो तो आजतागायत आहे. या संघाला आता रेड्स म्हणतात, आधी व्हर्सिटी रेड्स म्हणत. वाचकांपैकी ज्यांच्या डोळ्यांसमोर हॉकी म्हटलं की मेजर ध्यानचंद उभे राहतात त्यांच्यासाठी एवढंच सांगतो, की ही बर्फावरची हॉकी: एका वेळी सहा-सहा खेळाडू, पायांत धारदार स्केट्स आणि चेंडूऐवजी कडक रबराची चकती, जिला पक म्हणतात.

फेब्रुवारीतला शुक्रवार, बाहेर उणे वीस. संध्याकाळी सातचा सामना म्हणून साडेसहापासून टेकडीवर गाड्यांची रांग लागते. आत आजोबा-नातवंडं, नर्सिंगच्या मुली, गावातले प्लंबर, माझे निवृत्त प्राध्यापक, सगळे आपापल्या ठरलेल्या जागी. सामन्यात एक प्रसंग हटकून येतो. आपल्या एका खेळाडूला शिक्षा होते आणि दोन मिनिटं, गोलरक्षक सोडून, आपण चारजण विरुद्ध त्यांचे पाच, असं खेळावं लागतं. त्यांचा बचावपटू निळ्या रेषेवरून काठी मागे नेऊन पक हाणतो. दीडशे-पावणेदोनशे ग्रॅमची ती चकती ताशी शंभर किलोमीटरच्या वर वेगानं येते आणि आपला एक मुलगा तिच्या वाटेत जाणूनबुजून गुडघ्यावर बसतो. पक नडगीवर आदळल्याचा आवाज वरच्या रांगेपर्यंत येतो. तो लंगडत उठतो, पुन्हा वाटेत बसतो. त्याला त्याबद्दल एक डॉलरही मिळत नाही. सोमवारी सकाळी त्याची अकाउंटिंगची परीक्षा असते. हे एकदा जवळून पाहिलं, की या खेळाडूंना उरलेसुरले म्हणायला जीभ रेटत नाही.

हे खेळाडू येतात कुठून, हे समजल्याशिवाय पुढचा वाद कळणार नाही. कॅनडातला हुशार हॉकीपटू सोळाव्या वर्षी घर सोडतो आणि दुसऱ्या गावात अनोळखी कुटुंबाकडे राहून ज्युनियर लीग खेळतो. बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एनएचएल असते. पण ज्युनियर लीगचा नियम कडक आहे. वीस वर्षांचे फक्त तीन खेळाडू एका संघात ठेवता येतात आणि एकविसाव्या वर्षी सगळ्यांनाच निरोप. दरवर्षी शेकडो मुलं अशी एका वसंतात मोकळी होतात. व्यावसायिक करार थोड्यांच्याच नशिबी येतो. बाकीच्यांसाठी ज्युनियर लीगनं एक चांगली सोय केलेली आहे: जितके हंगाम खेळलात तितक्या वर्षांची विद्यापीठाची फी लीगकडून. चार हंगाम खेळलेला मुलगा चार वर्षांचं शिक्षण खिशात घेऊन येतो. व्यावसायिक क्लबशी करार करून तो मोठ्या लीगांमध्ये उतरला की ही सोय हातची जाते.

थोडक्यात, एक स्वप्न संपलं त्याच वर्षी दुसरं आयुष्य सुरू करण्याची जागा म्हणजे कॅनडाची विद्यापीठीय हॉकी. हे काम दुसरं कुणी करत नाही. जोएल वॉर्डचंच बघा. टोरोंटोच्या नॉर्थ यॉर्कचा हा मुलगा ज्युनियर खेळला, पण एनएचएलच्या एकाही क्लबनं त्याला निवडलं नाही. तो शार्लटटाउनला यूपीईआय, म्हणजे प्रिन्स एडवर्ड आयलंड विद्यापीठात आला, चार वर्षं खेळला, समाजशास्त्र शिकला. आम्ही त्याला एटकिन सेंटरमध्ये पाहुण्या संघाच्या हिरव्या जर्सीत पाहिलं आहे. पुढे तो एनएचएलमध्ये ७२६ सामने खेळला आणि २०१२ मध्ये वॉशिंग्टनकडून बोस्टनविरुद्धच्या बाद फेरीच्या मालिकेतल्या सातव्या सामन्यात जादा वेळेतला निर्णायक गोल त्यानंच केला. डेरेक रायन अल्बर्टा विद्यापीठाकडून खेळून युरोपात गेला आणि एनएचएलच्या बर्फावर पहिल्यांदा उतरला तेव्हा तिशीला टेकला होता. गोलरक्षक लोगन थॉम्पसन ब्रॉक विद्यापीठातून वर गेला. ही नावं मी अपवाद म्हणूनच सांगतो. नियम असा, की बाकीचे शिक्षक, इंजिनिअर, पोलीस, फिजिओथेरपिस्ट होतात आणि त्यांतले बरेच ज्या गावात शिकले तिथेच घर करतात. आमच्या मुलांच्या शाळेत खेळाचे सर होते ते असेच आमच्या संघातून आलेले.

आता अमेरिकेकडे वळू. एनसीएएच्या पहिल्या श्रेणीत पुरुषांच्या हॉकीचे संघ साठच्या वर, एकेका संघात जागा सव्वीसच्या आसपास. नियम बदलला म्हणून या जागा वाढलेल्या नाहीत. ज्युनियर लीगमधला एक मुलगा तिकडे गेला तर त्या जागेवर काल जो जाणार होता तो कुठेतरी वळणारच. तोही बहुधा कॅनडाचाच, दुसऱ्या दर्जाच्या ज्युनियर लीगमधला, अभ्यासाचं भान असलेला. तो आमच्याकडे का येणार नाही? गॅव्हिन मॅकेनासारखा अव्वल खेळाडू पेन स्टेटला गेला याची मोठी बातमी झाली. पण मॅकेना एरवीही फ्रेडरिक्टनला किंवा सास्काटूनला येणार नव्हता. तो सरळ एनएचएलकडे निघालेला मुलगा आहे. मधल्या फळीतले काही चांगले खेळाडू आपण गमावू, हे मी मान्य करतो. दोन-चार हंगाम खेळाचा कस थोडा उतरेल. पण कस थोडा उतरल्यानं संघ मरत नाहीत. आमच्या गावातला माणूस एनएचएलचा दर्जा बघायला एटकिन सेंटरला जात नाही, तो आपला संघ बघायला जातो.

मी मूळचा कोल्हापूरचा, म्हणून ही गोष्ट मला परकी वाटली नाही. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम आणि शिवाजी तरुण मंडळ यांचा सामना असला की दोन पेठा रिकाम्या होतात. तिथल्या माणसाला युरोपातलं फुटबॉल रात्री टीव्हीवर दिसतंच की, तरी दुपारी तो स्टेडियमवर असतो. कारण खेळणारा पोरगा त्याच्या गल्लीतला असतो.

मग संघ मरतात कशानं? चार उदाहरणं सांगतो.

पहिलं माझ्याच टेकडीवरचं. सेंट थॉमस हे छोटं विद्यापीठ यूएनबीच्या आवाराला लागूनच आहे, एकाच टेकडीवर. दोघांच्या सामन्याला 'बॅटल ऑफ द हिल' म्हणत. टॉमीज, म्हणजे सेंट थॉमसचा संघ, बहुतेक वेळा हरायचे, पण ज्या रात्री जिंकायचे त्या रात्री गाव झोपत नसे. २०१६ मध्ये सेंट थॉमसनं पुरुषांचा हॉकी संघ बंद केला. महिलांचा संघ ठेवला, ते चांगलं केलं. पण आमच्या, पूर्व किनाऱ्यावरच्या विद्यापीठांच्या, अटलांटिक विभागात त्यानंतर सातच संघ उरले आणि गावातली ती चुरस गेली ती गेलीच. आता आमचा सगळ्यात जवळचा प्रतिस्पर्धी मॉन्क्टनला, पावणेदोनशे किलोमीटरवर.

दुसरं लेथब्रिजचं. दक्षिण अल्बर्टातल्या या विद्यापीठानं १९९४ मध्ये राष्ट्रीय करंडक जिंकला, तेव्हा प्रशिक्षक होता माइक बॅबकॉक, ज्यानं पुढे डेट्रॉइटला एनएचएलचा स्टॅन्ले कप आणि कॅनडाला दोन ऑलिंपिक सुवर्णं मिळवून दिली. एप्रिल २०२० मध्ये, करोनानं सगळं घरात बसलेलं असताना, लेथब्रिजनं पुरुषांचा आणि महिलांचा, दोन्ही हॉकी संघ बंद केल्याचं जाहीर केलं. कारण दिलं प्रांतिक सरकारनं अनुदान कापल्याचं. मैदानात जमून कुणी विरोध करावा तर जमायलाच बंदी होती.

तिसरं सडबरीच्या लॉरेन्शियनचं, आणि ते मला सगळ्यात बोलकं वाटतं. १ फेब्रुवारी २०२१ रोजी हे विद्यापीठ दिवाळखोरीपासून संरक्षण मागायला न्यायालयात गेलं. सरकारी पैशावर चालणाऱ्या विद्यापीठानं असं करण्याची कॅनडातली ही पहिलीच वेळ. एप्रिलमध्ये डझनावारी अभ्यासक्रम गेले, प्राध्यापक गेले आणि त्यांच्यासोबत दोन्ही हॉकी संघ आणि पोहण्याचा संघही गेला. पुढच्या वर्षी ओंटारियोच्या महालेखापरीक्षकांनी अहवाल दिला. तोट्याचं मुख्य कारण म्हणून त्यांनी बोट ठेवलं ते वर्षानुवर्षं नीट विचार न करता केलेल्या इमारतींवरच्या खर्चावर. म्हणजे घर बुडालं बांधकामाच्या कर्जात, आणि विकायला काढलं काय तर पोरांचे स्केट्स.

चौथं उदाहरण माझ्याच विद्यापीठाचं आहे आणि ते लिहिताना जड जातं. यूएनबीनं २००८ मध्ये महिलांच्या हॉकी संघाचा विद्यापीठीय दर्जा काढून घेतला. खर्चाचं कारण होतं. पुढच्या दहा वर्षांत पुरुषांच्या संघानं पाच राष्ट्रीय करंडक जिंकले आणि त्याच काळात आमच्या मुली क्लब म्हणून, पदरमोड करून खेळत राहिल्या. तक्रार मानवाधिकार यंत्रणेपर्यंत गेली, भेदभाव झाला असा निकाल लागला आणि २०१८ मध्ये संघ परत आला. दहा वर्षं म्हणजे मुलींच्या दोन-अडीच पिढ्या. त्यांना ती वर्षं कुणी परत देऊ शकत नाही. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाकडे बघा म्हणजे काय गमावलं ते कळेल. किम सेंट-पिएर तिथली गोलरक्षक. नोव्हेंबर २००३ मध्ये ती मॅकगिलच्या पुरुषांच्या संघाकडून उतरली आणि कॅनडाच्या पुरुषांच्या विद्यापीठीय हॉकीत साखळी सामना जिंकून देणारी पहिली महिला गोलरक्षक ठरली. नंतर तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि हॉकीच्या हॉल ऑफ फेममध्ये नाव. महिलांचा संघ हा पुरुषांच्या संघाला लावलेलं शेपूट आहे, असं मानणाऱ्या विद्यापीठानं विद्यापीठीय खेळाच्या गोष्टी बोलूच नयेत, हे माझं स्पष्ट मत आहे.

या चारही ठिकाणी अमेरिकेचा संबंध नव्हता. चारही ठिकाणी निर्णय वर झाला आणि खेळाडूंना, माजी खेळाडूंना, सीझन तिकीटवाल्यांना तो कळला तेव्हा बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

याला उत्तर असतं आणि ते मी गंभीरपणे घेतो. विद्यापीठाचं काम शिकवणं. पैसे अपुरे असतील तर रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आधी की हॉकीच्या संघाचा बसप्रवास? हाच प्रश्न मला गेल्या वर्षी आमच्याकडे जेवायला आलेल्या नाशिकच्या एका विद्यार्थ्यानं जास्त धारदारपणे विचारला. "काका, माझी फी इथल्या मुलांच्या कितीतरी पट आहे. त्यात हा खेळाचा आकार वेगळा, सक्तीचा. मी एक सामना बघितलेला नाही. मी कशाला भरायचा?"

त्याचा राग रास्त आहे. जानेवारी २०२४ मध्ये कॅनडा सरकारनं परदेशी विद्यार्थ्यांच्या परवान्यांवर मर्यादा घातली. त्या वर्षासाठी सुमारे ३ लाख ६० हजार हा आकडा ठरला, आधीच्या वर्षापेक्षा ३५ टक्के कमी. त्या एका निर्णयानं विद्यापीठांचे ताळेबंद हलले. इतकी वर्षं नाशिक-लुधियानाच्या पोरांच्या फीवर विद्यापीठं चालत होती, हे त्या दिवशी सगळ्यांना दिसलं. तेव्हा ज्यांच्या जिवावर घर चाललं, त्यांनी विचारलं की आमच्या पैशाचं काय करता, तर उत्तर द्यायला हवं. मी त्याला सांगितलं ते असं. खेळाच्या आकारातून व्यायामशाळा, पोहण्याचा तलाव, हौशी सामने हे सगळं चालतं, संघ हा त्यातला एक भाग. पण खरं उत्तर ते नाही. खरं उत्तर हे, की त्या पैशात त्याची एक जागा एटकिन सेंटरमध्ये आहे आणि ती त्याला कुणी दाखवलीच नाही. पहिल्या आठवड्यात त्याला बँकेचं खातं कसं उघडायचं ते सांगितलं, हिवाळ्याचे बूट कुठे मिळतात ते सांगितलं. पण सामन्याला चल, नियम मी समजावतो, असं कुणी म्हटलं नाही. दोष त्याचा नव्हे. मला ज्या मुलांनी ओढत नेलं ती नसती तर मीही आज हाच प्रश्न विचारत असतो. त्या रात्रीपर्यंत या गावात माझी ओळख फक्त घरमालकाशी आणि प्रयोगशाळेशी होती. त्या रात्रीनंतर बसमध्ये अनोळखी माणूसही माझी टोपी बघून कालच्या सामन्याबद्दल बोलायला लागला. परदेशात एकट्या पडलेल्या एकवीस वर्षांच्या पोरासाठी याची किंमत काय, ते विद्यापीठाच्या समुपदेशकांना विचारा.

प्रयोगशाळा की हॉकी, असा प्रश्न मांडणाऱ्यांना लॉरेन्शियनचा अहवाल वाचायला द्यावा. तिथे हॉकी गेली तशा प्रयोगशाळाही गेल्या. दोघींचा घास तिसऱ्यानंच घेतला होता.

एक गोष्ट मात्र मोकळेपणानं मान्य करायला हवी. फ्रेडरिक्टन, अँटिगोनिश, त्र्वा-रिव्हिएर अशा लहान विद्यापीठ-गावांत जे चालतं ते टोरोंटोत चालत नाही. टोरोंटो विद्यापीठाचा इतिहास कुणालाही हेवा वाटावा असा आहे. १९२८ च्या सेंट मॉरिट्झ ऑलिंपिकमध्ये कॅनडाचा संघ म्हणून त्यांचे पदवीधर गेले, तीन सामन्यांत ३८ गोल केले आणि एकही खाल्ला नाही. नंतर दहा राष्ट्रीय करंडक. आज मात्र त्याच विद्यापीठाच्या सामन्याला बाकं रिकामी दिसतात, कारण मैलभरावर मेपल लीफ्स हा एनएचएलचा क्लब आहे. तिथे गावाचा संघ ही भाषा कामाची नाही. तिथे संघ टिकवायचा तर विद्यार्थ्यांच्या बळावर टिकवावा लागेल, आणि ते काम अजून कुणी मनावर घेतलेलं मला दिसत नाही.

मार्च २०२४ मधला अंतिम सामना टोरोंटोतच होता, आणि तो जिथे झाला ती जागा आठवली की मला अजून भरून येतं. १९३१ सालची मेपल लीफ गार्डन्सची इमारत. लीफ्स तिथून गेले, इमारत विकली गेली. आता तळमजल्यावर किराण्याचं भलंमोठं दुकान आहे. टोमॅटो आणि पावाच्या रांगांवरून सरकत्या जिन्यानं वर गेलात की जुन्या छताखाली बर्फ, टोरोंटो मेट्रोपॉलिटन विद्यापीठाचा. त्या बर्फावर आमच्या पोरांनी त्र्वा-रिव्हिएरला ४-० हरवलं आणि हंगामातले ४३ पैकी ४३ सामने जिंकले. कॅनडाच्या विद्यापीठीय हॉकीत असा हंगाम आधी कुणी खेळलेला नव्हता. न्यू ब्रन्सविकहून रात्रभर गाडी हाकत आलेली माणसं अनोळखी माणसांच्या गळ्यात पडून रडत होती. गार्डिनर मॅकडूगल यांचा तो नववा करंडक. २००० सालापासून ते इथे होते. त्या उन्हाळ्यात ते मॉन्क्टनच्या ज्युनियर संघाकडे गेले. गावाला वाईट वाटलं, पण रागावलं कुणी नाही.

या ४३ सामन्यांचा संघ काय अमेरिकेशी स्पर्धा करून उभा राहिला? तो उभा राहिला एकाच गावात चोवीस वर्षं टिकलेल्या प्रशिक्षकावर, दरवर्षी तिकीट घेणाऱ्या माणसांवर आणि एकविसाव्या वर्षी ज्यांना दुसरी संधी हवी होती अशा मुलांवर. एडमंटनच्या अल्बर्टा विद्यापीठात प्रशिक्षक क्लेअर ड्रेक यांनी हेच केलं. २८ हंगाम, ६९७ विजय, सहा राष्ट्रीय करंडक, आणि आपली सगळी विद्या देशभरातल्या प्रशिक्षकांना त्यांनी हातचं न राखता दिली. २०१७ मध्ये हॉल ऑफ फेमनं त्यांना घेतलं तेव्हा एनएचएलचे मोठमोठे प्रशिक्षक त्यांना गुरू म्हणत होते. अल्बर्टाचे सोळा करंडक याच सातत्यातून आलेले आहेत.

काही लोक सुचवतात, की आपणही एनसीएएमध्येच जावं. त्यांनी सायमन फ्रेझरचा अनुभव बघावा. व्हँकुव्हरजवळचं हे विद्यापीठ एनसीएएत गेलेलं पहिलं परदेशी विद्यापीठ. त्यांच्या फुटबॉल (हातात चेंडू घेऊन खेळतात ते अमेरिकन पद्धतीचं) संघाला ज्या अमेरिकन गटात खेळायला मिळत होतं, त्या गटानं पुढे ठेवायला नकार दिला आणि एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठानं फुटबॉलच बंद केलं. आपल्या संघाचं भवितव्य दुसऱ्या देशातल्या समितीच्या हाती दिलं, की त्यावर आपलं काही चालत नाही. शिष्यवृत्त्या वाढवून अमेरिकेच्या बरोबरीला जाण्याचा हट्टही मला तसाच वाटतो. इथल्या नियमानं खेळाडूला क्रीडा शिष्यवृत्ती म्हणून फी आणि सक्तीच्या आकारापुरतेच पैसे देता येतात. तिकडे राहणं-खाणं, वर जाहिरातींचे पैसे. त्या शर्यतीत आपण दरवर्षी हरू आणि हरता हरता लहान विद्यापीठांचे संघ संपवू.

त्यापेक्षा जे आपल्या हातात आहे ते करा. हंगाम सुरू झाला की प्रत्येक नव्या विद्यार्थ्याला, परदेशीला आधी, एका सामन्याला घेऊन जा आणि शेजारी नियम सांगणारा माणूस बसवा. आमच्यासारखी जुनी माणसं ते काम फुकट करतील. महिलांचे सामने दुपारी रिकाम्या बाकांसमोर उरकू नका, शनिवारी संध्याकाळची वेळ त्यांनाही द्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, संघ बंद करण्याचा निर्णय एका पत्रकानं करण्याची मुभा काढून घ्या. पूर्ण दोन हंगामांची आगाऊ सूचना, संघाच्या जमाखर्चाचं खुलं प्रकाशन, गावात जाहीर सुनावणी, आणि पुरुषांचा व महिलांचा संघ यांच्याबद्दल एकत्रच विचार. दोन हंगाम मिळाले तर माजी खेळाडू पैसे उभे करू शकतात, प्रांत सरकारकडे जाता येतं, आणि काहीच जमलं नाही तरी एकोणीस-वीस वर्षांच्या मुला-मुलींना दुसरं विद्यापीठ शोधायला वेळ मिळतो. लेथब्रिजच्या मुलांना तो मिळाला नव्हता.

यासाठी ओटावातून कायदा यायची गरज नाही. अटलांटिक विभागात सातच विद्यापीठं पुरुषांची हॉकी खेळतात आणि त्यांचे क्रीडा संचालक एकमेकांना नावानं ओळखतात. पुढचा हंगाम ऑक्टोबरात सुरू होईल. त्याआधी या सात जणांनी एका टेबलाशी बसून एवढं कलम आपल्या विभागाच्या नियमावलीत घालावं. पश्चिमेच्या आणि ओंटारियोच्या विद्यापीठांकडे मग ते घेऊन जाता येईल.